पाहुण्यासाठी कमान, गिऱ्हाइकासाठी ऊन

शहराला 'ब्रँड' हवा, असं आता आमच्या वऱ्हाडातही बोललं जाऊ लागलं आहे. साबणावरून हा शब्द शहरांवर कधी चढला, कोण जाणे. पण वाशिमसारख्या जिल्ह्याच्या गावात तो पोचला की माना डोलावणारे लगेच जमतात. निवृत्त अधिकारी, हौशी इतिहासप्रेमी, रील काढणारी पोरं, बायपासलगत प्लॉट पाडून बसलेले, आणि या सगळ्यांच्या मध्ये सल्लागार. त्याच्या लॅपटॉपमध्ये सादरीकरण तयारच असतं, गावाचं नाव तेवढं बदलायचं राहिलेलं असतं.

या मंडळींचं म्हणणं नीट ऐकून घेऊ. वाशिम मागे का? तर वाशिमला ओळख नाही म्हणून. इथे वाकाटकांची राजधानी होती, हे जगाला सांगायला आपण विसरलो. तेव्हा नाव वत्सगुल्म करा. अकोला नाका, हिंगोली नाका, पुसद नाका, रिसोड नाका, जिकडून वाट येते तिकडे कमान उभी करा. पद्मतीर्थाला आणि देव तलावाला रोषणाई द्या. चौकात लाल बदाम घालून 'आय लव्ह'ची पुरुषभर उंच अक्षरं बसवा. भिंती रंगवा. टपऱ्या आणि हातगाड्या हलवा, कारण त्यांनी 'लुक' जातो. मग समृद्धी महामार्गावरच्या गाड्या आपोआप इकडे वळतील, गाड्यांमागे हॉटेलं येतील, हॉटेलांमागे गुंतवणूक, आणि आपल्या पोरांना पुण्याची ट्रॅव्हल्स धरावी लागणार नाही. सारं जग असंच पुढे गेलं! न्यूयॉर्क बघा, बिल्बाओ बघा, अ‍ॅमस्टरडॅम बघा. याला म्हणतात प्लेसमेकिंग.

मांडणी झकास आहे. फक्त तिच्यात वाशिम कुठे दिसत नाही.

पहिल्या वाक्यापासूनच सुरुवात करू. वाशिम मागे आहे ते ओळख नसल्यामुळे, हे कुणी ठरवलं? १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा २०१८ साली निती आयोगाच्या 'आकांक्षित जिल्ह्यां'च्या यादीत गेला. राज्यातले चारच जिल्हे त्या यादीत होते: गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद आणि वाशिम. मागास म्हणायचं जिवावर येतं, म्हणून आकांक्षित. म्हणजे नवं नाव देण्याचा प्रयोग आमच्यावर एकदा होऊन गेला आहे. पण त्या यादीचे निकष तरी काय होते? आरोग्य आणि पोषण, शिक्षण, शेती आणि पाणी, आर्थिक समावेशन आणि कौशल्य, पायाभूत सुविधा. कमानीचा रकाना मला त्यात सापडला नाही. ब्रँडवाल्यांना सापडला असेल तर त्यांनी दाखवावा.

आमच्या मागे राहण्याचं मोठं कारण तर नकाशावर उघडं दिसतं. हा जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसला आहे. इथलं पाणी एकीकडे पूर्णा-तापीला जातं, दुसरीकडे पैनगंगेतून गोदावरीला. काटेपूर्णा आमच्या वाशिम तालुक्यात उगम पावते आणि महानच्या धरणातून अकोला शहराला पाणी पाजते. अडाण, अरुणावती इथून निघतात आणि यवतमाळकडे चालू लागतात. उगम आमचे आणि धरणं पुढच्यांची. सिंचनाचा अनुशेष १९८४ साली दांडेकर समितीने मोजला, त्यानंतरच्या समित्यांनीही मोजला, आणि दर वेळी अमरावती विभागाच्या नावापुढे खड्डा निघाला. ज्या जिल्ह्याचं सोयाबीन आणि तूर पावसाच्या मर्जीवर आहे, त्याच्या बाजारपेठेत मंदी का, हे विचारायला सल्लागार लागत नाही. आडत्यालाच विचारा की!

आता वत्सगुल्माकडे येऊ, कारण सगळ्यांत जास्त गहिवर तिथेच दाटतो. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास खरा आहे आणि मोठा आहे, याबद्दल माझं दुमत नाही. चौथ्या शतकात सर्वसेनाने ही शाखा इथे वसवली. विंध्यशक्ती दुसरा याचा, अर्धा संस्कृत अर्धा प्राकृत असा ताम्रपट वाशिमलाच मिळाला आणि १९३९च्या सुमारास अभ्यासकांपुढे आला. शेवटचा मोठा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळाव्या क्रमांकाचं लेणं कोरवलं. खुद्द सर्वसेन प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिणारा कवी होता. संस्कृत कवी राजशेखराने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावून दिलं ते वत्सगुल्मात. साहित्याला सासर-माहेर देणारं गाव, यापेक्षा मोठी ओळख कुठल्या शहराने मागावी?

पण ही ओळख झाली कशी? हरिषेणाने गावाच्या वेशीवर 'वत्सगुल्मात आपले स्वागत आहे' असा फलक लावला होता, म्हणून? कवींना आश्रय मिळाला, गावं दान दिली गेली, कारागिरांना वर्षानुवर्षं काम मिळालं. नाव त्या कामाच्या मागून आलं. आज वत्सगुल्माच्या नावाने गळा काढणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या ताम्रपटाचं मराठी भाषांतर वाचलं आहे? वा. वि. मिराशींनी वाकाटकांवर आयुष्य घातलं, मराठीत ग्रंथ लिहिला, कोरीव लेखांचा खंड सिद्ध केला. तो वाचायला गावात एक धड खोली, चार खुर्च्या आणि समजावून सांगणारा एक माणूस असावा, अशी मागणी एकाही सादरीकरणात का नसते? कारण खोलीचं उद्घाटन होतं, पण तिचा ड्रोन शॉट येत नाही.

याच जिल्ह्यातलं कारंजा घ्या. कारंज्याला वेशी आहेत: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. ज्या गावाला वाट जाते त्याचं नाव, आणि आत राखण्यासारखी व्यापाऱ्यांची पेठ, म्हणून वेस. आताच्या कमानीच्या आत राखण्यासारखं काय ठेवलंय? त्याच कारंज्याच्या जैन भांडारांत शतकानुशतकं हस्तलिखितं जपली गेली. १९३०च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेतून पुष्पदंताची अपभ्रंश काव्यं छापून निघाली आणि भारतभरच्या भाषाभ्यासकांना कारंजा हे नाव माहीत झालं. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून दत्तभक्त येतात ते वेगळेच. यातल्या एकाही गोष्टीसाठी कुणाला बोधचिन्ह काढावं लागलं नव्हतं.

इथे ब्रँडवाले हुकमाचं पान टाकतात. पोहरादेवी! मानोरा तालुक्यातल्या या तीर्थक्षेत्री नंगाऱ्याच्या आकाराची भव्य इमारत झाली, बंजारा विरासत संग्रहालय झालं, ५ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. बघा, ब्रँडिंगने वाशिम देशाच्या नकाशावर आलं की नाही?

आलं, पण कोणाच्या पायांनी? सेवालाल महाराजांच्या समाधीला रामनवमीला देशभरातून बंजारा समाज येतो, तो संग्रहालय होण्याच्या कितीतरी आधीपासून येतो. तांड्यातांड्यातून पोरंबाळं, भाकरी बांधून. ती जागा त्या लोकांनी घडवली, सरकारने तिच्यावर इमारत बांधली, आणि चांगलं केलं. यातून सिद्ध काय होतं? जिथे लोक आधीच जमतात तिथे पैसा घातला तर तो दिसतो, एवढंच. जिथे कुणी थांबत नाही तिथे अक्षरं उभी केली की लोक थांबतील, हे यातून कसं निघतं? आणि ज्या समाजाच्या नावाने हे संग्रहालय आहे, त्याचे तांडे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि बांधकामांवर निघून जातात, घरी म्हातारी माणसं उरतात. काचेच्या पेटीतला तांडा बघून झाल्यावर खराखुरा तांडा ओस का, हा प्रश्न कुठल्या दालनात मांडायचा?

भिलारचंही असंच. साताऱ्यातलं ते गाव ४ मे २०१७ला 'पुस्तकांचं गाव' झालं, तेव्हापासून प्रत्येक तालुक्याला आपण कशाचं तरी गाव व्हावं असं वाटू लागलं. भिलार पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मध्ये आहे, पर्यटक त्याच्या दारावरूनच जात होते, हे मात्र सांगायचं राहून जातं. आमच्या दारावरून काय जातं? समृद्धी. कारंजा, शेलूबाजार, मालेगावच्या अंगाने ताशी १२०च्या वेगाने. त्या रस्त्याची सगळी थोरवी मध्ये न थांबण्यात आहे. नागपूरहून मुंबईला निघालेला माणूस रोषणाई केलेला तलाव बघायला इंटरचेंज उतरून वाशिम गाठेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तरी त्या रस्त्यावर गाडी चालवावी.

आता जग. न्यूयॉर्कचं ते बदामाचं चिन्ह मिल्टन ग्लेझरने १९७७ साली काढलं, शहर दिवाळखोरीच्या काठावर असताना. शहर सावरलं, पण सावरायला पुढे कित्येक वर्षं भुयारी रेल्वे, उद्यानं, घरं यांवर पैसा आणि घाम गाळावा लागला. टी-शर्टवर फक्त बदाम छापून आला. बिल्बाओला १९९७ साली गुगेनहाइम संग्रहालय झालं, हे सगळे सांगतात. त्याच्या दोन वर्षं आधी तिथे मेट्रो सुरू झाली होती, आणि कारखान्यांच्या घाणीने मेलेली नदी साफ करायला सांडपाण्याची यंत्रणा कैक वर्षं उभी केली जात होती, हे कोण सांगतं? गटाराचा फोटो सादरीकरणात शोभत नाही. आणि अ‍ॅमस्टरडॅमने तर डिसेंबर २०१८मध्ये आपली ती प्रसिद्ध मोठी अक्षरं संग्रहालयासमोरच्या चौकातून उचलून नेली, फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीला कंटाळून. ज्यांनी ही चाल पाडली त्यांनी ती मोडीत काढली, आणि आपण गावोगाव तिचं भूमिपूजन करतो आहोत.

परदेश कशाला, मुंबई पुरे. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावाचं रूपांतर काचेच्या कचेऱ्यांत आणि मॉलमध्ये झालं. काही बिल्डरांनी लोअर परळला 'अपर वरळी' म्हणून विकलं. यापेक्षा यशस्वी ब्रँडिंग महाराष्ट्रात दुसरं दाखवा. पण त्या कचेऱ्यांतला माणूस उतरत होता एल्फिन्स्टन रोडच्या त्याच जुन्या अरुंद पुलावरून. २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी पाऊस आला, पुलावर गर्दी दाटली आणि चेंगरून २३ माणसं मेली. पुढच्या जुलैत स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. नावाला माझी हरकत नाही, देवीचंच आहे. पण वस्तीचा भाव वाढवताना पुलाची रुंदी कुणाच्याच सादरीकरणात का नव्हती?

ज्या प्लेसमेकिंगचं नाव घेऊन हे सगळं चालतं, त्याचा एक मूळ गुरू विल्यम व्हाइट. त्याने १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावले आणि माणसं कुठे थांबतात, कुठे थांबत नाहीत हे बघत बसला. १९८० साली पुस्तक लिहिलं. एवढ्या खटाटोपातून त्याच्या हाती काय लागलं? बसायला जागा असली की माणसं बसतात. शिवाय ऊन-सावली, झाड, पाणी, आणि जवळ खायला काहीतरी विकणारा. हातगाडीवाला हलवा असं त्याने कुठे म्हटलेलं नाही. उलट गाडीवाला आला की जागा जिवंत होते, असं त्याचं निरीक्षण आहे. गुरूचं नाव घ्यायचं आणि त्याने सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी एकही न करता अक्षरं बसवायची, ही कसली गुरुभक्ती?

तो कॅमेरा वाशिमला लावून बघा. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख, त्यातले शहरांत राहणारे १८ टक्क्यांच्या आत. वाशिम शहर सारं मिळून ७८ हजारांचं. हे शहर आसपासच्या खेड्यांवर जगतं. त्याच्या रस्त्यांवर दिवसभर जी गर्दी असते ती बाहेरगावची: बाजार समितीत माल घेऊन आलेला शेतकरी, बियाणं-खताला आलेला, दवाखान्यात आलेला, कचेरीत कागदाला आलेला. पर्यटक हवे म्हणता ना? हे घ्या, रोज येतात, स्वतःच्या तिकिटाने, आणि प्रत्येक जण काहीतरी विकत घेऊनच जातो.

यांच्यातली एक बाई बघा. सकाळच्या एसटीने उतरते. हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत सातबारा, आधार-पासबुकाच्या झेरॉक्स, फडक्यात भाकरी. कचेरीत कळतं, साहेब मीटिंगला गेले, दुपारी तीनला या. आता अकरा वाजलेत. ती कुठे जाते? झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर टेकते, सावली सरकते तशी सरकत राहते. दुकानदार म्हणतो, मावशी गिऱ्हाइकाला वाट द्या. ती म्हणते, "बसू द्या ना भाऊ, यष्टीले टाइम हाय." पाणी ती पीत नाही. तहान नसते म्हणून नव्हे. पाणी प्यायलं तर पुढे जायचं कुठे, हे तिला ठाऊक आहे. अखेर एका चहाच्या टपरीवाल्याच्या बाकावर तिला जागा मिळते, त्याने ताणलेल्या ताडपत्रीखाली.

ती टपरी 'लुक'साठी हलवायची आहे.

या शहरात सावली, बाक आणि चार शब्द कोण देतं, तर हाच माणूस. त्याच्यासाठी २०१४चा पथविक्रेता कायदा आहे. पाहणी करा, नगर पथविक्रेता समिती नेमा, जागा ठरवून द्या, प्रमाणपत्र द्या, असं तो कायदा सांगतो. प्लेसमेकिंगचा याहून सरळ आराखडा कोणत्या सल्लागाराने दिला आहे? तो राबवायला निविदा लागत नाही, हीच त्याची अडचण दिसते.

शेवटी उरतो तो समजूतदार माणसाचा आक्षेप. अहो, दोन्ही करू ना! गटारही करू, कमानही करू. लोकांना अभिमान वाटायला काहीतरी हवंच. ऐकायला रास्त वाटतं. पण नगरपरिषदेच्या तिजोरीत 'दोन्ही' कधी होत नाही. कमानीला भूमिपूजन असतं, लोकार्पण असतं, कोनशिला असते, कोनशिलेवर नावं असतात. देखभालीला काय असतं? रोज सकाळी झाडू घेऊन येणारा माणूस आणि त्याचा थकलेला पगार. म्हणून कारंजं बसतं आणि ठेकेदाराची मुदत संपताच कोरडं पडतं. पेव्हर ब्लॉक बसतात आणि पाइपलाइनसाठी पुढच्याच वर्षी उखडले जातात. रोषणाईचे दिवे आधी मिचकावतात, मग विझतात, मग खांब उरतात. हे चित्र कुठल्याही तालुक्याच्या तलावावर जाऊन बघावं. पाहुणे येणार म्हणून पुढच्या भिंतीला चुना मारायचा आणि मागचं गळकं छत तसंच ठेवायचं, हा कारभार घरात आजीने चालू दिला नसता.

आणि अभिमानाचं म्हणाल, तर तो कुणाला विचारून ठरला? राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर २०२१-२२पासून २०२५च्या अखेरपर्यंत प्रशासक बसले होते. वॉर्डात नगरसेवक नाही, सभागृहात चर्चा नाही, आणि नेमक्या त्याच काळात शहरांची 'ओळख' घडवायची घाई सुटली होती. गावाने स्वतःबद्दल काय सांगावं, हे गावाला न विचारता ठरवणारे वत्सगुल्माचे वारसदार कसे?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भोसल्यांच्या राज्यात भवानी काळूंनी वाशिमला बालाजीचं मंदिर बांधलं, तेव्हा देवाबरोबर तलावाचीही सोय केली. येणाऱ्याला पाणी लागेल, हे त्यांना कळत होतं. आम्हाला तलाव दिसतो तो रोषणाई करायची जागा म्हणून.

तेव्हा माझं मागणं साधं आहे, आणि त्यात एक इंचही सूट द्यायची माझी तयारी नाही. कमानी, अक्षरं आणि भित्तिचित्रं यांचा रुपया अंदाजपत्रकातून काढा. तो बसस्थानकापासून बाजारापर्यंतच्या रस्त्यावर खर्च करा: दोन्ही बाजूंना कडुनिंब, त्यांच्याखाली पाठ टेकता येईल असे बाक, पिण्याच्या पाण्याचे नळ, बायकांसाठी स्वच्छतागृहं आणि ती दिवसभर स्वच्छ ठेवणारी पूर्ण पगाराची माणसं. टपऱ्या जिथे आहेत तिथेच ओळीत बसवा, डोक्यावर पक्कं छप्पर द्या. पद्मतीर्थात आणि देव तलावात मिळणारं सांडपाणी आधी अडवा, दिव्यांचं मग बघू. ताम्रपटाची प्रतिकृती आणि मिराशींचा ग्रंथ ज्या खोलीत ठेवाल तिच्या दारावर वत्सगुल्म असं ठसठशीत लिहा, तिथे ते नाव शोभेल. आणि पाच वर्षं हे सगळं चालू राहिल्याचं त्या पायरीवरच्या मावशीने सांगितलं की चौकात बदामाची अक्षरं खुशाल बसवा. खर्च वर्गणीतून करा, निविदेतून नको.